वीस मिनिटांचा अंधार

अर्ज कानडीत आहे, म्हणून मीच भरते.
गाव गर्लगुंजी, तालुका खानापूर.
नाव चैतू, वय सात महिने.
नात्यात लग्न?
पारू म्हणते, "परकं कुठलं, मामाचाच मुलगा,"
आणि अजून तिला ही कौतुकाची गोष्ट वाटते.

मी दार लावते. फटीला काळी पट्टी.
कोपऱ्यात लाल दिवा, नावापुरता.
उजेड दाखवायच्या आधी डोळ्याला अंधार पाजावा लागतो,
मडकं भट्टीत घालायच्या आधी सावलीत वाळवतात तसं.
खानापूरकडच्यांना हे लगेच कळतं.

झोपेचं औषध त्यानं निम्मं ओकून टाकलंय.
पारू त्याला पदराखाली घेते.
बाहेर नंबर पुकारतात,
आधी कानडीत, मग मराठीत.
अंधारात माणसं आपण होऊन बोलतात:
"दिव्याकडं बघत न्हाई, बाई.
मुठीनं डोळं दाबत बसतो.
जाऊ म्हणते, बघतात काही पोरं उशिरा,
तिच्या माहेरी बेकिनकेरीत एक होता."
तो पुढं बघायला लागला का,
मी विचारत नाही.

कपाळाला एक तार, कानामागं एक,
दोन्ही डोळ्यांखाली चिकटपट्ट्या, बोटाच्या पेराएवढ्या.
टप्.
चांगल्या डोळ्याची रेघ आधी बुडी मारते
आणि मग टेकडी चढते.
ही सरळच गेली,
भात कापून नेलेल्या शेतासारखी.
दिवा वाढवला. टप्. टप्.
उजेडाला मला दोन शब्द येतात,
उजेड आणि बेळकु.
रेघेला एकही कळला नाही.

मग एकदा उठली!
पारूनं माझ्या खांद्यावरून बघितलं, "आली न्हवं?"
चैतू घोट गिळत होता.
गाल हलला की रेघ हलते,
यंत्र दूध ओळखत नाही.
ती रेघ मी पुसली,
आणि ती पुसताना पारूनं मला पाहिलं.

सांगायचं ते डॉक्टर सांगतील, उद्या सव्वाअकराला.
मी फक्त कापूस ओला करून
त्याचं कपाळ पुसते, जरा जास्तच वेळ.

शेवटी ट्यूबलाइट लावली.
चैतूनं झटकन मान वळवली,
अगदी भिंतीवरच्या बटणाकडं.
"बगितलं की हो, बाई! बगितलं!"

ते बटण जुनं आहे.
फार वाजतं.