खालचं पाणी

राजारामपुरीत, पाचव्या गल्लीत, माझ्या खुर्चीत
डोळे मिटून बाई म्हणतात, "ते झऱ्याचं मार की."
बाटलीवर निळा डोंगर. किंमत साडेआठशे.
मी दाबते. बारीक धुकं गालांवर बसतं.

कात्यायनीच्या डोंगराला आमचाही एक उमाळा होता.
तीन कुंडं, एकाखाली एक.
वरचं प्यायला. मधलं गुरांना.
तिसरं आमचं.

आबा त्यात कातडं भिजवायचे,
बाभळीची साल, हिरडा.
अंगठ्यानं दाबून बघायचे,
"अजून मऊ नाही. राहू दे."
आईचे चुन्यानं उकललेले हात
त्याच पाण्यात, संध्याकाळी, बराच वेळ.

खरूज उठली, घामोळं आलं
की वरच्या आळीची माणसंही यायची
अंधार पडल्यावर, तिसऱ्या कुंडाशी.
गुण वरच्यात नव्हता म्हणे.
सकाळी ओळख दाखवायची नाहीत.

परवा गेले होते.
वरच्या कुंडावर लोखंडी जाळी, मोटर, कुलूप.
तिसऱ्यात शेवाळ, एक फाटकी चप्पल,
आणि तळाशी एवढीशी हालचाल:
वाळूचे कण उडत होते,
भाताचं आधण खदखदावं तसे,
पण गार.
मी कोपरापर्यंत हात बुडवला.

"त्वचा मऊ झाली का गं?"
त्वचा म्हणतात त्या. मीही म्हणते, गिऱ्हाइकासमोर.
अंगठ्यानं गाल दाबून बघते.
अजून नाही, बाई.
राहू दे.