दोनशे बार

शुक्रवारी पहाटे कंतबच्या वाळूत
खलफानच्या बोटीशी आलो
आणि सवयीनं सिलिंडर उचलले.
"ठेव खाली," तो म्हणाला, "आज तू गिऱ्हाईक."

नव्वद रियाल, सहा जणांत पंधरा-पंधरा.
बोट, डिझेल, एक बुडी, खजूर, कहवा,
आणि नशिबात असेल तर देवमासा.
हे शेवटचं पावतीवर नसतं,
अकरा वर्षं मीच ते लोकांना तोंडी सांगत आलोय.

माझं काम हवा भरणं.
डोंगराला टेकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये
कॉम्प्रेसर धापा टाकतो,
काटा चढत जातो दोनशेपर्यंत,
मी व्हॉल्व्ह आवळतो, साबणाचं पाणी लावतो,
बुडबुडा येतो का बघतो.
जर्मन, रशियन, नवी लग्नं झालेली पुण्याची जोडपी
माझी हवा पाठीवर घेऊन खाली जातात,
वर येऊन हात पसरून सांगतात मासा केवढा होता.
सिलिंडर माझ्याकडे परत.
काट्यावरून मला कळतं
कोण किती घाबरलं.

बंदर खैरानच्या आडोशाला नांगर पडला.
रोडेलनं कमरेला शिसं बांधलं,
बोटांचा गोल करून विचारलं: ठीक?
आचऱ्याच्या खाडीत नाक दाबून
तळाची मूठभर माती आणायची आमची पैज असे.
इथं नाक दाबायचं नव्हतं.
दातांत रबर धरलं
आणि माझीच हवा मला मिळाली.

कोरडी. जराशी लोखंडाची चव.
मंगळवारची असावी,
त्या दिवशी फिल्टर बदललेला.

खाली प्रवाळ.
गिऱ्हाइकांना आम्ही फुलकोबीसारखं म्हणून सांगतो.
मला ते आईनं पत्र्यावर वाळत घातलेल्या
सांडग्यांसारखं दिसलं,
तसंच खडबडीत, एकमेकांना चिकटलेलं,
फक्त जांभळं. फक्त जिवंत.
एक कासव मान वर न करता खात होतं,
अर्ध्या तासाच्या सुट्टीत आपण जेवतो तसं.
मी बघत राहिलो.
काटा बघायचा विसरलो, मी!
रोडेलनं खांद्यावर टिचकी मारली: साठ उरलेत.

मग खलफाननं बोट बाहेर काढली,
जिथं तळ एकदम सुटतो
आणि निळ्याचं काळं होतं.
इंजिन बंद.
शिहाबला उलटी झाली. कहवा निवला.
एक तास. दीड.
खलफान म्हणाला, दुसऱ्या समुद्रांतले देवमासे
हजारो मैल जातात, येतात, ऋतू बघून.
इथले जात नाहीत.
"थोडेच आहेत. पण इथंच असतात."
कुणी काही बोललं नाही.
दर दोन वर्षांनी व्हिसा, दर दोन वर्षांनी तिकीट,
आम्ही पाण्याकडे बघत बसलो.

आधी आवाज आला.
डावीकडून, लांबून,
भरल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह कुणी एकदम सोडावा तसा,
पण त्याहून खोल, ओला.
सगळ्यांच्या आधी मी वळलो.
फवारा उभा राहिला, वाऱ्यानं मोडला.
मग पाठ.
शिहाब म्हणतो पाठ, रोडेल म्हणतो लाट.
खलफाननं काहीच न म्हणता
टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी घड्याळ लावलं.
दहा मिनिटं. बारा.
चौदा, एका श्वासात.
एवढी हवा कुठल्या शेडमध्ये भरत असतील,
आणि त्याला काटा कुठं असतो.
तो परत वर आला नाही,
किंवा आला असेल, आम्ही वळलो त्यानंतर.

रात्री फोनवर तिनं विचारलं,
"देवमासो दिसलो काय?"
म्हटलं, "ऐकलो."
"म्हंजे?"
खोलीत चौघं झोपलेले, एसी ठिबकत होता.
मी फोन तोंडाजवळ धरला,
छातीत मावेल तेवढी हवा घेतली
आणि तो आवाज काढून दाखवला.
कुणीतरी कूस बदलली.
पलीकडे ती गप्पच.
मग म्हणाली, "परत एकदा काडा बघू."