नोंद क्रमांक सतरा

रिबकाबाई हनोख झिराडकर.
वर हिब्रू, खाली आपली बाळबोध,
आणि पाथरवटाचा अंदाज चुकलेला:
'झिराडक' इथंच दगड संपला,
'र' खालच्या ओळीत एकटा.

रास्ता पेठेतल्या नळाखाली पालथी होती ही.
तीस वर्षं सगुणानं हिच्या पाठीवर
लोकांच्या चादरी आपटल्या.
आज पहारीनं उलटवली.
मी ब्रशनं माती झाडली,
लांबी-रुंदी लिहून घेतली,
नाव मोठ्यानं वाचलं.

"म्हणजे बाई होय," सगुणा म्हणाली,
"आणि मी रोज..."

मग उकिडवी बसून
पदराच्या टोकानं
त्या 'र'मधला गाळ काढत राहिली.
चादरी बादलीतच.
"हिचं कुणी आहे का हो पुण्यात?"

माझ्या फॉर्मात
तो रकाना नव्हता.