शेजारयादी

ए-सहासष्टवर, ब्रफच्या पुढे
(लिहितात भलतंच, म्हणतात ब्रफ; मला सहा महिने लागले)
चढ संपता संपता पत्र्याच्या छपराचं कोठार येतं
आणि तिथे फोन मरतो.

डॅशबोर्डवर चार फोन, रबरबँडनं बांधलेले.
शेजारच्या सीटवर लॅपटॉप, त्याच्यावर माझा डबा.
पन्नासच्या वेगानं जायचं, वळायचं, परत यायचं.
आज अकरावी खेप.
काळ्या तोंडाच्या मेंढ्यांनी मान वर करणंही सोडलंय.

तक्रार विनिफ्रेड थ्वेट यांची. गुरांच्या डॉक्टर.
‘फेब्रुवारी, पहाटेचे चार. गाडी चालवत मी त्या पोराला सांगत होते,
पाय लागले हाताला? दोन्ही? मग ओढू नकोस, आधी...’
आधी काय, ते कोठारापाशी राहिलं.
वासराचं पुढे काय झालं, लिहिलेलं नाही.
फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

ऑफिसात म्हणाले, डोंगर आहे, सिग्नल कमी असणारच.
कमी नाहीये. मला दिसतंय ना:
पूर्वेचा टॉवर खचत जातो, उणे एकशे आठ, उणे एकशे बारा,
पश्चिमेचा वर येतो, ठणठणीत,
आणि फोन जुन्यालाच कवटाळून बसतो.

आम्हीच शिकवलंय त्याला,
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस.
नवा तीन डेसिबलनं सरस हवा, आणि क्षणभर सरसच राहायला हवा,
तेव्हा हल. उगाच इकडून तिकडे नको,
दोन घरचा पाहुणा उपाशी.

पण इतकं घट्ट?

लीड्सला शर्वरीच्या लेकीचं बारसं झालं,
भाड्याचा हॉल, पाळणा ऑनलाइन मागवलेला.
पाळण्याखालून बाळ घ्यायला मी पलीकडे, आणि माझी ओढणी अडकली.
मावशी वाकलेली तशीच थांबली, कंबरेचं दुखणं घेऊन,
माझे दोन्ही हात खाली पोचेपर्यंत.
मग अर्धा सेकंद बाळ दोघींचं होतं.
ते झोपलेलंच.

दुपारी सापडलं.
पूर्वेच्या शेजारयादीत सोळा नावं,
त्यात एक गेल्या वर्षी पाडलेल्या टॉवरचंही,
पश्चिमेचं नाही.
तीन मैलांवर उभे आहेत दोघे,
रात्री एकमेकांचे लाल दिवे दिसत असतील,
कुणी ओळख करून दिलेली नाही.

एक ओळ. ती टाइप करून घेतली.
बाराव्या खेपेला चाचणीच्या कॉलमधली बाई आकडे म्हणत होती,
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस,
कोठार गेलं,
एकोणपन्नास.
मध्ये चाळीस मिलिसेकंदांची फट. कानाला ती कळत नाही.

थ्वेटबाईंना कळवायचं होतं.
स्पीकरवर लावला, मुद्दाम त्याच चढावर.
‘बोला,’ त्या म्हणाल्या, ‘ऐकतेय मी.’
मला वासराचं विचारायचं होतं.
पत्र्याचं छप्पर आरशात लहान होत गेलं,
त्यांचा श्वाससुद्धा स्पष्ट येत होता,
आता गप्प राहायला
माझ्याकडे काही सबब उरली नव्हती.