बडग्याचं माप

पोळ्याला बारा दिवस होते तेव्हा
मंडळाची पोरं आली. सोरत्यांचा मयूर पुढं.
"काका, औंदा दिल्लीच्या साहेबांचा बडग्या."
मी खळ ढवळत होतो. ढवळतच राहिलो.

तेवीस वर्षं मी बडगे केले तांडापेठेत,
महागाईचा, डेंग्यूचा, खड्डेवाल्या ठेकेदाराचा,
एकदा तर साहेबांच्या विरोधकाचा, फुकट,
बांबूही माझ्याच पैशाचे.
साहेबांचा फोटो मागाच्या खोलीत.
माग विकला, फोटो तिथंच.

मयूरनं विचारलं, कोणत्या दिवशी सुटलं काका?
दिवस नाही सांगता येत.
ते पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा नाही,
तेव्हा मी म्हटलं, राजकारण आहे बापा.
निमजे मास्तर एका प्रश्नापायी घरी बसले, तेव्हाही नाही.
मास्तरांचंही काही चुकलंच असेल.
त्यांच्या बायकोनं डबे सुरू केले,
मी डबा लावला. वांग्याची भाजी छान असायची.
एवढ्यावर मला झोप लागायची.

मग एका रात्री टीव्हीवर साहेब बोलत होते
आणि श्रुतिका नुसती पाणी प्यायला उठली.
मी म्हणालो, "तसं नाही ते, त्यांना म्हणायचं होतं की..."
"मी काही विचारलंच नाही, बाबा."
पेला ठेवून ती गेली.
मी आवाज बंद केला.
साहेबांचे हात तेवढे हलत राहिले.

"करतो," मी मयूरला म्हटलं.
नाकाच्या मापाला फोटो लागला नाही,
बोटांना पाठ होतं.
पोटात भरायला रद्दी कमी पडली
तेव्हा माळ्यावरून जपलेली पत्रकं काढली,
माझ्याच अक्षरातल्या घोषणा.
चुरगळताना फार वाजली.
"काका, कान राह्यले ना!"
"राहू दे."

गुलाल, ढोल, पिवळीमागे काळी, मागं आमचा बडग्या.
इडा पिडा घेऊन जा गे मारबत!
सगळे ओरडत होते,
ज्यांनी त्यांना कधी मत दिलं नाही ते,
आणि माझ्यासोबत ज्यांनी दिलं, ते जरा जास्तच मोठ्यानं.
माझं तोंड उघडलं, आवाज अडला.

साहेबांना नेशील गे बाई, नेशीलच,
कागद कोणाचाही असो, पेटतोच.
पण ती सवय,
कोणी विचारायच्या आधी उत्तर द्यायची,
ती बसली आहे अजून मागाच्या खोलीत
पुढच्या माणसाची वाट बघत.
तिचं माप मला घेता येत नाही.