जाळरेषा

कोलितमाऱ्याच्या पुढे, नाल्याच्या अलीकडे
आम्ही अकरा जण वाऱ्याची वाट बघत उभे.
म्हणजे तो पडण्याची.
फेब्रुवारी. गवत पायाखाली पापडासारखं मोडतंय.
आदेशात वेळ दिली आहे: सायंकाळी चार.
जैवंताबाई परतेती विडी पेटवते,
धूर कुठे जातो ते बघते.
"नोको लावू आत्ताच, पोरी.
वारा जागा हाय अजून."

मी टिमकीची. आमच्याकडे आग म्हणजे
गॅसची शेगडी, फार तर चौकातली होळी.
खाकी अंगावर येऊन चार महिने झालेत.
सागावरून एक वानर आम्हाला न्याहाळतंय,
आणि कोलीत आमच्या हाती.

साडेपाचला ती विडी दगडावर चिरडते.
तोच इशारा.
लावायची वाऱ्याच्या उलट,
म्हणजे ती कुरकुरत, मागे सरकत चालते,
पळत नाही.
दोन्ही कडांना हिरव्या फांद्या घेतलेली माणसं
झोडपतात तिला, फार नाही,
म्हशीला वळवताना मारतात तेवढंच.
मागे उरतो काळा पट्टा:
टेकडीला तीट लावावी तशी,
पण लांबच लांब, नाल्यापासून पार धुऱ्यापर्यंत.

मागच्या वर्षीच्या रजिस्टरात
या कंपार्टमेंटसमोर नाव आहे इसराम परतेती.
मुलगा तिचा.
बाकीचं ती सांगते, माझ्याकडे न बघता:
मोहाखालचा पाचोळा तिनं पेटवला होता,
फुलं वेचायला भुई साफ पाहिजे म्हणून.
"मी जेवाले गेलो. आग नाही गेली."
तीन दिवस.
सागाची रोपं, रानकोंबडीची अंडी, बांबूचं एक बेट.
माचिस सापडली ती पोराच्या खिशात.

रात्री नाक्यावर, बॅटरीच्या उजेडात
मी रकाने भरते:
लांबी, रुंदी, मजूर, वाऱ्याची दिशा.
आग लावणाऱ्याचे नाव.
इथे "विभागामार्फत" लिहायची पद्धत आहे.
जैवंताबाई दारात. केसांत राख,
हात अजून धुतलेले नाहीत.
"माझं लिव. या टायमाले माझंच लिव."

मी पेन उघडते
आणि तिला पूर्ण नाव विचारते,
माहीत असूनही.
ती सांगते, सावकाश, नवऱ्याच्या नावासकट.
बाहेर पट्ट्यावर एक ओंडका अजून लाल आहे.
कुणीतरी कॅन उचलून तिकडे जातं.