बुडालेली बँक

लिपोव्यात बुडण्याइतकं पाणी कुठेच नाही.
नदी आहे, पण ऑगस्टात गुडघ्याएवढी,
बाकी नेब्रास्काभर मका.
तरी एकोणीसशे एकतीसच्या नोव्हेंबरात
इथली बँक बुडाली.
सकाळी नऊला, कोरड्या थंडीत,
दारावर एक कागद लागला, तेवढाच आवाज.

डेलोरेस झाब्काचे आजोबा त्या रांगेत होते.
दोनशे बारा डॉलर,
म्हणजे दोन हंगामांची डुकरं आणि एक विकलेली घोडी.
डॉलरमागे सतरा सेंट परत मिळाले,
तेही सहा वर्षांनी.
मरेपर्यंत ते या कोपऱ्यावरून गेले नाहीत.
चर्चला निघाले तरी
धान्याच्या कोठारामागून वळसा.

मग इथे लोण्याच्या सोसायटीचं ऑफिस,
केस कुरळे करायचं दुकान,
एका हिवाळ्यात नुसती कोंबडीची पिल्लं,
आणि नंतर चाळीस वर्षं काही नाही.
तळघरात एल्म रुजला
आणि छतातून डोकं काढून गाव बघू लागला.

काउंटीने इमारत लिलावात काढली,
डेलोरेसने घेतली. शाळेची बस चालवायची ती.
एक डॉलर, कबुतरांसकट.
म्हणाली, तोही जास्तच दिला या लोकांना.

मी सुतार. मला फक्त खिडक्यांना बोलावलं होतं.
पण रंग खरवडायला लागलं की हात थांबत नाही:
वर पांढरा, मग सरकारी हिरवा,
मग गुलाबी, तो कुरळ्या केसांचा,
आणि सगळ्यांच्या खाली ओक, मधाच्या रंगाचा,
जणू त्याला कुणी काही कळवलंच नव्हतं.

तिजोरीवर वेल्डर रूडीचे तीन शनिवार गेले.
अर्धं गाव घडीच्या खुर्च्या घेऊन बसलेलं.
आत निघाली एक छत्री
आणि दौतीत वाळलेली माशी.
आधी कुणीच हसलं नाही.

गल्ल्याच्या खिडकीखाली, बाहेरच्या बाजूला,
फळीत दोन खळगे होते.
कोपरांचे. वीस वर्षं टेकलेल्या,
पैसे द्यायला, मग मागायला.
मी रंधा काढला.
डेलोरेस म्हणाली, तेवढं राहू दे.
मग स्वतःची कोपरं ठेवून पाहिली.
एक बसलं. दुसऱ्याला लांब पडत होतं.

आता तिथे कपडे धुवायची आठ यंत्रं आहेत.
आधीचं धुलाईघर इथून चाळीस मैल.
संगमरवरी फरशीवर साबणाचा वास,
भिंतींमधून नळ, आणि दिवसभर पाणी, पाणी.
गल्ल्यामागे डेलोरेस बसते.
पाचाची नोट सरकवली
की पाव डॉलरची वीस नाणी मोजते,
पुन्हा मोजते,
मग खळग्यापाशी ठेवते.

सातव्या यंत्राचं दार गळतं.
ते काही अजून जमलेलं नाही मला.